वाचक विचारतात: घराच्या व्यवहारात विहीर, बोअर आणि सेप्टिक टँक

बेसा, हुडकेश्वर, नरसाळा, गोधनी, हिंगणा रोड अशा नागपूर शहराच्या कडेच्या वस्त्यांमधून या वेळी आलेले बरेचसे प्रश्न जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीबद्दल आहेत. रजिस्ट्रीच्या आधी आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), नकाशा, टॅक्सची पावती लोक दोनदा तपासून घेतात. टाकीचं झाकण मात्र कुणी उघडायला लावत नाही. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की बोअर किंवा विहीर आणि सेप्टिक टँक यांना दोन वेगळ्या वस्तू समजू नका. एकीतून जमिनीत गेलेलं दुसरीतून वर येऊ शकतं. म्हणून दोन्ही एकत्र तपासा, आणि घर वापरात असताना तपासा.

प्रश्न: बेसा भागात ३० बाय ५० च्या प्लॉटवरचं जुनं घर घेतो आहोत. पुढे बोअर, मागे सेप्टिक टँक. मालकांनी टीडीएस मीटर बुडवून ४२० दाखवलं आणि पाणी पिण्यालायक आहे म्हणाले. एवढं पुरे का?

उत्तर: नाही. टीडीएस मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतं. त्यात नायट्रेट किती ते त्याला कळत नाही, आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. संडासाचं पाणी मिसळलेल्या बोअरचं टीडीएसही ४२० असू शकतं.

आधी प्लॉटचं गणित करा. सेप्टिक टँकसाठीच्या आयएस २४७० या मानकाप्रमाणे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडलेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा. ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटचा कर्ण ५८ फूट, म्हणजे १७.८ मीटर. बोअर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा बरोबर त्याच्या तिरप्या कोपऱ्यात असला तरी अंतर भरत नाही. शिवाय शेजाऱ्यांचे शोषखड्डे आहेतच. तुमचा स्वतःचा खड्डा मागे बारा मीटरवर आणि शेजाऱ्याचा कंपाउंडपलीकडे चार मीटरवर, असं लेआउटमध्ये सर्रास आढळतं. कागदावर साधा नकाशा काढा, दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या घरी जाऊन त्यांची टाकी कुठे आहे ते विचारा आणि टेपनं अंतर मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आपल्याकडचा खडक कठीण. वर काळी माती, मग मुरूम, खाली भेगांचा दगड. वाळूच्या जमिनीत पाणी हळूहळू गाळलं जातं, दगडाच्या भेगेत ते न गाळताच पुढे सरकतं. त्यामुळे बोअरचा केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या भोकात वरून बसवलेला आवरणाचा पाइप, मुरूम पार करून पक्क्या दगडात बसवलेला हवा. केसिंग अर्ध्यावर सोडलं असेल तर शोषखड्ड्यातलं पाणी मुरमातून थेट बोअरमध्ये उतरतं. मालकांना दोनच गोष्टी विचारा: बोअर किती फूट आणि केसिंग किती फूट. बोअर मारणाऱ्याच्या बिलावर दोन्ही आकडे असतात. जमिनीवर केसिंग निदान फूटभर वर आलेलं, झाकणानं बंद आणि भोवती उतार दिलेला सिमेंटचा ओटा असावा. केसिंग फरशीच्या पातळीला कापलेलं असेल तर अंगण धुतल्याचं पाणीही आत जातं. गच्चीचा पावसाळी पाइप फिल्टरशिवाय सरळ बोअरमध्ये सोडलेला असेल तर पक्ष्यांच्या विष्ठेसकट सगळी घाण खाली उतरते.

त्यानंतर प्रयोगशाळा. नागपुरात प्रादेशिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. नमुना कधी घेतात, बाटली कोण देतं हे आधी विचारून घ्या. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकातल्या या मर्यादा जवळ ठेवा: टीडीएस ५००, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, एकूण कठीणपणा २००, त्याच अटीवर ६००, फ्लोराइड १, त्याच अटीवर १.५, नायट्रेट ४५ आणि त्याला सवलत नाही, पीएच ६.५ ते ८.५. पीएच सोडून सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, १०० मिलिलिटरमध्ये शून्य.

यातले नायट्रेट, क्लोराइड आणि ई-कोलाय हे तीन एकत्र वाचा. शेजारच्या दोन-तीन बोअरपेक्षा तुमच्या बोअरमध्ये नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही ठळकपणे जास्त असतील, तर त्या दिवशी ई-कोलाय सापडला नाही तरी मैलपाणी झिरपत असल्याचा संशय धरावा. काही प्रयोगशाळा नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' देतात. तेव्हा मर्यादा ४५ नसून साधारण १० असते. अहवालात ११ बघून खूश होणारे पुष्कळ असतात, म्हणून एकक नीट बघा. नायट्रेट उकळल्यानं जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाटलीचं दूध असं पाणी घालून देऊ नये.

जंतूंचा नमुना स्वतः हजर राहून घ्या. पंप अगोदर पंधरा-वीस मिनिटं चालवा. टाकीच्या नळाचं पाणी नको, पंपाच्या पाइपचं हवं. पाइपचं तोंड ज्योतीनं तापवा, प्लॅस्टिकचं असेल तर स्पिरिटनं पुसून थोडं पाणी वाहू द्या. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीच्या झाकणाला आतून बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा आणि बाटली बर्फाच्या डब्यात घालून सहा तासांच्या आत पोचवा. रसायनांसाठी वेगळी दोन लिटरची स्वच्छ कॅन लागते.

नमुना घेण्याआधी पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला विसरू नका. क्लोरीन तपासायचं किट दुकानात मिळतं, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. खासगी बोअरमध्ये क्लोरीन आपोआप येत नाही, एक-दोन दिवसांत कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. अशा वेळी नमुना घेऊ नका. रोजचा वापर चालू ठेवून आठवडाभरानं, क्लोरीन पूर्ण गेल्याची खात्री करून घ्या.

प्रश्न: बोअरची मोटर दहा मिनिटं चालवून दाखवली. पूर्ण दीड इंची धार होती. पाणी भरपूर आहे असं धरावं का?

उत्तर: दहा मिनिटांत दिसते ती बोअरमध्ये साठलेली धार. हिशेब असा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी उभं असतं. पाण्याची पातळी १५ मीटरवर आणि पंप ५० मीटरवर असेल तर मधल्या ३५ मीटरमध्ये ६३० लिटर. मोटर मिनिटाला ४० लिटर फेकत असेल तर भेगांतून थेंबभरही नवं पाणी न येता ती पाऊण-एक तास नाही, पण पंधरा मिनिटं सहज भरभरून चालते.

म्हणून चाचणी निदान दोन तासांची करा, आणि त्या दिवशी सकाळपासून मोटर बंद ठेवायला सांगा. वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. सुरुवातीला आणि मग दर पंधरा मिनिटांनी बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. ३० सेकंदांपासून सुरू होऊन ५० सेकंदांवर स्थिरावली, तर शाश्वत धार मिनिटाला २४ लिटर, तासाला १,४४० लिटर. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला ६७५ लिटर लागतात, म्हणजे मोटर अर्धा तास चालली तरी काम भागतं. धार तुटायला लागली, हवा फुरफुरू लागली किंवा पाणी गढूळ झालं की मोटर लगेच बंद करा, कोरडी चालली तर जळते. बंद केल्यानंतर किती वेळानं पुन्हा पूर्ण धार येते तेही टिपून घ्या.

ही चाचणी एप्रिल-मेमध्ये झाली तर उत्तम. ऑक्टोबरातली धार उन्हाळ्याबद्दल काही सांगत नाही. जंतूंचं उलट आहे, त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्ट हा कसोटीचा काळ. व्यवहार हिवाळ्यात होत असेल तर शेजारच्या भाडेकरूंना विचारा की मे महिन्यात टँकर येतो का. त्यांना काही विकायचं नसतं.

प्रश्न: आमच्या जुन्या घरात दहा फूट व्यासाची बांधीव विहीर आहे. घर विकायला काढलं आहे. गिऱ्हाइकाला काय दाखवायचं?

उत्तर: विहीर ही तुमच्या घराची जमेची बाजू आहे, पण ती आकड्यांनिशी दाखवा. दहा फूट म्हणजे तीन मीटर व्यास, क्षेत्रफळ सात चौरस मीटर. पातळी एक मीटर खाली गेली म्हणजे सुमारे ७,००० लिटर उपसले. खुणा केलेली दोरी सोडून पातळी मोजा, पंपानं एक मीटर उपसा, मोटर बंद करा आणि तासाभरानं पुन्हा मोजा. पातळी २० सेंटिमीटर चढली तर झऱ्यांची आवक तासाला १,४०० लिटर. हे तीन आकडे तारखेसह लिहून दिले की घासाघीस कमी होते.

बांधकामात गिऱ्हाइकानं बघायची आणि तुम्ही आधीच दुरुस्त करायची जागा म्हणजे वरचा भाग. कठडा ७०-७५ सेंटिमीटर उंच, भोवती मीटरभर रुंद ओटा, ओट्यावर सांडलेलं पाणी नालीकडे नेणारा उतार, आणि वरचे सहा मीटर बांधकाम आतून पाणी न झिरपणारं. उन्हाळ्यात दुपारी टॉर्चचा उजेड आतल्या भिंतीवर फिरवा. भिंत सगळीकडे कोरडी आणि एकाच बाजूला पाण्याच्या पातळीच्या वर ओली काळपट रेघ, तिच्यावर बुळबुळीत थर, खाली थोडा फेस दिसला, आणि ती बाजू टाकीची किंवा नालीची असली, तर तिथून मैलपाणी येतं आहे. पावसाळ्यात अशी रेघ साऱ्या ओलीत लपून जाते. कठड्यातून उगवलेला पिंपळ वेळीच काढा, त्याची मुळं जोड उघडतात.

विहिरीत उतरून बघायला कुणालाही सांगू नका. बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. मेणबत्ती किंवा कंदील सोडून बघण्यावर विसंबू नका, विषारी वायू त्यानं कळत नाही.

ब्लीचिंग पावडर नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. वजन करून, बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. पण नमुना दिल्यानंतर. आधी टाकून अहवाल चांगला आणला तर तो खरेदीदाराच्या पहिल्याच अहवालात उघडा पडेल.

प्रश्न: घर विकण्याआधी सेप्टिक टँक उपसून स्वच्छ करून ठेवली तर चांगलं ना?

उत्तर: हेतू चांगला असला तरी क्रम चुकतो. टाकीत काय बिघडलं आहे ते भरलेल्या टाकीतच दिसतं. ३,००० लिटरची टाकी रिकामी केली की रोज ५०० लिटर सोडणाऱ्या कुटुंबाला ती भरायला सहा दिवस लागतात. तेवढे दिवस बुजलेला शोषखड्डाही उत्तम चालल्यासारखा वाटतो. खरेदीदाराला सातव्या दिवशी कळतं.

आधी झाकण उघडून दाखवा. उघडल्यावर निदान अर्धा तास दूर थांबा, जवळ विडी-सिगारेट नको, लहान मुलं नकोत, आणि तोंड आत घालून बघू नका. पहिलं बघायचं ते पाण्याची पातळी. ती आउटलेट पाइपच्या खालच्या काठाला टेकलेली हवी. त्याहून बरीच खाली असेल तर टाकी तळातून किंवा भिंतीतून गळते आहे. काही जुन्या टाक्यांना तळच घातलेला नसतो. पाइपच्या वर असेल, किंवा आतल्या भिंतीवर पाइपच्या वर जुना डाग असेल, तर शोषखड्डा पाणी घेत नाही किंवा पाइप तुंबला आहे. मग घरातले तीन-चार नळ एकदम सोडून अर्ध्या-पाऊण तासात पाचशे लिटर जाऊ द्या. पातळी चढली आणि तासाभरात उतरली नाही, तर दुखणं शोषखड्ड्याचं.

काळ्या मातीत ते नेहमीचंच. ही माती ओली झाली की फुगून तिची छिद्रं बंद होतात. त्यामुळे मे महिन्यात ठणठणीत असलेला खड्डा ऑगस्टमध्ये अंगणात वर येतो. आधी भिजवून घेतलेल्या मातीतल्या भोकात पाणी २५ मिलिमीटर उतरायला तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर तिथे आणखी एक शोषखड्डा खणण्यावर पैसे घालू नका. खड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा, तोही विहिरीपासूनचं अंतर आणि भूजलाची पातळी बघून. जमत नसेल तर सिव्हर लाइनची जोडणी हाच मार्ग.

दुसरं, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांच्या तोंडाशी टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) हवी. बाहेरची टी तुटली की वरचा तरंगता थर सरळ शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा वर्ष-दोन वर्षांत बुजतो. टाकीतली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिच्याच नसण्यानं होतं. तिसरं, गाळ. लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडा, दोन मिनिटं थांबून वर घ्या. जिथपर्यंत दाट काळा डाग, तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गाळ गेला की उपसायची वेळ झाली, साधारण दोन-तीन वर्षांनी. चौथं, झाकणाचा स्लॅब. टाकीतला वायू सिमेंट खातो, खालून खपल्या पडून गंजलेली सळई दिसते. अशा स्लॅबवर गाडी उभी राहत असेल तर तो आधी बदला.

आकारही मोजा. मानकाप्रमाणे पाच माणसांना आतून १.५ मीटर लांब, ०.७५ रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर चालते. दहा जणांना २ मीटर, ०.९ आणि १.४, तीन वर्षांनी उपसायची असेल तर. पाच जणांसाठी बांधलेल्या टाकीवर नंतर वरचा मजला चढवून तीन भाडेकरू ठेवलेले असतात. तिथे टाकी खराब नसते, अपुरी असते, आणि खरेदीदारानं किंमत त्या हिशेबानं बोलावी.

हे सगळं खरेदीदारानं पाहिलं की मग उपसा. महापालिकेच्या झोन कार्यालयातून किंवा नोंदणीकृत ठेकेदाराची सक्शन गाडी बोलवा आणि पावती जपून ठेवा. तळाशी दोन-पाच सेंटिमीटर गाळ राहू द्या, टाकी घासून धुऊ नका; जंतू तिथूनच पुन्हा वाढतात. आणि माणूस आत उतरवायचा नाही, कुणी स्वस्तात तयार झाला तरी नाही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं प्रमाण जास्त झालं की त्याचा वासच येईनासा होतो, माणूस पहिल्या दोन-तीन श्वासांत कोसळतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ठरवून दिली आहे.

प्रश्न: घेत असलेल्या घराची टाकी कुठे आहे हे मालकांनाच माहीत नाही. पोर्चमध्ये नवी टाइल्स आहे.

उत्तर: बहुतेक तिथेच खाली आहे. संडासाच्या बाहेरचं चेंबर शोधा, तिथून पाइप कोणत्या दिशेनं जातो ते बघा. वायूचा पाइप भिंतीला लागून वर गेलेला असतो, त्याचं मूळ टाकीशी. मग लाकडी दांड्यानं टाइल्स ठोकत जा, पोकळ आवाज येतो तो भाग खडूनं आखा. झाकण उघडता येईल अशी टाइल कापून घ्यायची अट व्यवहारात घाला. न उघडता येणारी टाकी न तपासलेली टाकी आहे.

आउटलेट थेट रस्त्याच्या नालीत तर सोडलेलं नाही ना, हेही बघा. असेल तर पावसाळ्यात नाली भरून पाणी उलटं टाकीत येतं, आणि कुणी तक्रार केली तर नोटीस नव्या मालकाला.

प्रश्न: टाकीत बॅक्टेरियाची पावडर टाकली तर उपसावी लागत नाही, खरं का?

उत्तर: नाही. लागणारे जंतू मैल्यात असतातच. ॲसिड आणि फिनाइल रोज ओतणं थांबवा, तेवढं पुरेसं आहे.

प्रश्न: फिल्टर विकणाऱ्यानं आमच्या बोअरच्या पाण्यात दोन सळ्या घालून करंट दिला, पाणी तपकिरी झालं. घर घ्यायचं रद्द करू का?

उत्तर: त्या प्रयोगावरून नको. त्यात एक सळई लोखंडाची असते. करंटनं तिचं लोखंड विरघळून गंजाचा साका होतो. क्षार असलेल्या कुठल्याही पाण्यात, चांगल्या पाण्यातसुद्धा, तसंच होतं. पाणी बाहेर काढल्यावर निवळ दिसून तास-दोन तासांनी आपोआप तांबूस झालं, तर मात्र लोह जास्त आहे आणि ते प्रयोगशाळेत मोजून घ्या.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असतो. तिथे सेप्टिक तपासणीशिवाय घर विकता येत नाही म्हणतो. आपल्याकडे असा नियम आहे का?

उत्तर: तो म्हणतो ते बरोबर आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 'टायटल ५' नावाच्या नियमाखाली विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांतली तपासणी लागते, आणि टाकी दरवर्षी उपसल्याच्या नोंदी असतील तर तीन वर्षांपर्यंतची चालते. न्यू जर्सीत खासगी विहिरीचं पाणी विक्रीच्या वेळी तपासावं लागतं. आपल्याकडे विक्रीसाठी अशी सक्ती नाही. मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. जमिनीखालची गळकी टाकी त्यात बसू शकते.

इसारपत्रातच हे मुद्दे घालून घ्या: बोअरची आणि केसिंगची खोली, टाकीचा आकार आणि जागा, शेवटचा उपसा कधी, पाण्याचा अहवाल अमुक तारखेचा, आणि तपासणीत दोष निघाला तर दुरुस्ती कोण करणार किंवा किमतीतून किती वजा होणार. रजिस्ट्रीनंतर हे बोलायला गेलं की दोन्ही बाजूंना फक्त वकिलाची फी उरते.

प्रश्न: घराच्या मागे जुनी कोरडी बोअर आहे, वर फरशीचा तुकडा ठेवला आहे. सिव्हर लाइन आल्यानं जुनी टाकीही बंद आहे. काही करावं लागेल का?

उत्तर: दोन्ही विक्रीच्या आधी बुजवा. उघडी बोअर लहान मुलासाठी जीवघेणी, आणि वरची घाण खालच्या पाण्यात नेणारी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे भरून बंद करायची असते. नुसतं झाकण वेल्ड करणं तात्पुरतं. मोटर आणि पाइप आधी काढून घ्या, आणि भरताना थोडं थोडं टाका, एकदम टाकलं तर मध्येच अडकून खाली पोकळी राहते.

टाकीचं असं करा: गाडीनं उपसून घ्या, घरातून येणारा पाइप सिमेंटनं बंद करा, तळाला यंत्रानं वरूनच दोन-तीन भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत साठणार नाही, मग मुरूम थर देत, पाणी मारत, दाबत वरपर्यंत भरा. स्लॅब फोडून काढा. तो तसाच ठेवून खाली पोकळी राहिली तर वर पोर्च खचतो. भरण्याआधी आणि नंतर तारखेसह फोटो काढा आणि सिव्हर जोडणीच्या पावतीबरोबर नव्या मालकाला द्या.